वेल्थ मॅनेजमेंट फर्ममध्ये नोकरी हवी? बायोडेटाच्या आधी परीक्षा द्या

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरकडची बी.कॉम. झालेली मुलं आधी बायोडेटा पाठवतात आणि परीक्षेचं नंतर बघू म्हणतात. हा क्रम उलटा करा. वेल्थ मॅनेजमेंट फर्म म्हणजे लोकांचा पैसा म्युच्युअल फंड वगैरेंत गुंतवून देणारी कंपनी. म्युच्युअल फंड विकणाऱ्या माणसाला एनआयएसएम या सेबीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) स्थापन केलेल्या प्रशिक्षण संस्थेची ‘सिरीज ५-ए’ परीक्षा पास व्हावीच लागते, आणि ती नोकरी नसतानाही देता येते.

या परीक्षेला शिक्षणाची अट नाही. फर्मची मात्र असते. रिलेशनशिप मॅनेजरसाठी, म्हणजे ग्राहक सांभाळणाऱ्या माणसासाठी, पदवी हवीच, मोठ्या ठिकाणी एमबीए फायनान्सला झुकतं माप मिळतं. ऑपरेशन्समध्ये (कागदपत्रं आणि व्यवहार बघणाऱ्या विभागात) साध्या बी.कॉम.वरही शिरकाव होतो.

नोंदणी एनआयएसएमच्या संकेतस्थळावर होते. पॅन, फोटो, ईमेल, मोबाइल एवढं हाताशी ठेवा. केंद्र आणि तारीख तिथेच निवडायची. 100 प्रश्न, 2 तास, पास व्हायला 50 टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. एनआयएसएमची स्वतःची अभ्यासपुस्तिका नीट वाचली तर महागडा क्लास लावायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण नावाची. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी. लग्नानंतर आधारवर एक नाव, पॅनवर माहेरचं. पॅन आणि आधार आधी जुळवून घ्या, मगच फी भरा. जुन्या कागदांवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल तर त्याची धास्ती नको. ही नावं 2023 मध्ये बदलली हे सगळ्यांना ठाऊक आहे.

नोकरी लागली की फर्ममार्फत ॲम्फीकडून (म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना) तुमचा ईयूआयएन, म्हणजे फंड विकणाऱ्या कर्मचाऱ्याचा ओळख क्रमांक, काढला जातो. त्यासाठी एनआयएसएम प्रमाणपत्र, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो लागतात. स्वतःचा धंदा करायचा असेल तर एआरएन, म्हणजे फंड वितरकाचा नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो. फर्मचा एआरएन खरा आहे का, हे ॲम्फीच्या संकेतस्थळावर तपासा. ‘आधी डिपॉझिट भरा, मग जॉइनिंग’ म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

फी घेऊन सल्ला देणं हे वेगळं काम. त्यासाठी एनआयएसएमच्याच 10-ए आणि 10-बी या दोन परीक्षा आहेत. तिथे 60 टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराचे गुणही कापले जातात. पीएमएस (मोठ्या गुंतवणूकदाराचा पोर्टफोलिओ स्वतंत्रपणे सांभाळण्याची सेवा) विकायचं तर 21-ए द्यावी लागते; त्यात ग्राहकाची किमान गुंतवणूकच 50 लाखांची.

मुलाखतीत ‘तुमच्या ओळखीत कोण पैसे गुंतवेल?’ हा प्रश्न येऊ शकतो. मामा-काकांची यादी वाचू नका. शेंद्रा-बिडकीनकडे जमिनीचा मोबदला मिळालेलं कुटुंब, लातूरचा डॉक्टर, मोंढ्यातला आडत्या यांचा पैसा कधी येतो आणि आज कुठे अडकून पडतो, हे सांगता आलं पाहिजे.

प्रमाणपत्र 3 वर्षं चालतं. मुदत संपण्याआधी सीपीई (प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचं) प्रशिक्षण करा, नाहीतर पुन्हा परीक्षा. फर्म बदलली तरी ईयूआयएन तोच राहतो, फक्त तो नव्या फर्मच्या एआरएनला जोडून घ्यायचा.