फारकत, पोटगी आणि आयकर

विदर्भातल्या खेड्यांत नवराबायकोची फारकत अनेकदा कोर्टाआधी गावातच होते. पंच बसतात, स्टँप पेपरवर लिहून होतं, खाली सह्या-अंगठे पडतात. जिथे तशी रूढी सिद्ध होते, तिथे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 नेही ती राखली आहे. मुंबई प्रांताने हिंदूंना कायद्याने घटस्फोट 1947 मध्येच दिला होता. पण नागपूर-वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे इथल्या बाईला 1955 पर्यंत थांबावं लागलं.

आयकर कायद्याने मात्र वेगळं राहणं त्याआधीच हिशेबात धरलं होतं. कर वाचवायला बायकोच्या नावावर मालमत्ता करायची, ही पळवाट 1937 मध्ये बुजवली गेली. अशा मालमत्तेचं उत्पन्न नवऱ्याच्याच खात्यात धरायचं ठरलं. त्यातून वगळली ती वेगळं राहण्याच्या कराराने दिलेली मालमत्ता. 1961 च्या कायद्यात कलम 64 ने आणि आता 2025 च्या नव्या कायद्यानेही हा अपवाद राखला. त्याचे शब्द 'करार' म्हणतात, कोर्टाचा हुकूमनामा मागत नाहीत. म्हणून फारकत तोंडी ठेवू नये. कोणतं शेत, कोणतं घर बाईला दिलं, ते कागदावर यावं.

पोटगीचा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने 1983 मध्ये प्रतापगडच्या राजकुमारी महेश्वरीदेवींच्या प्रकरणात केला. एकरकमी पोटगी ही भांडवली रक्कम, तिच्यावर कर नाही. दरमहाची पोटगी हे उत्पन्न, ते करपात्र. देणाऱ्याला तिची वजावट मिळत नाही.

शेतकरी घरात हा न्याय मला खटकतो. नवऱ्याचं कपाशी-सोयाबीनचं उत्पन्न करमुक्त. तोच पैसा दरमहा बायकोच्या हाती आला की करपात्र. महिन्याच्या तीन-चार हजारांवर कर बसत नाही, हे खरं. अडचण होते ती एकरकमी पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकल्यावर. मुद्दल करमुक्त, व्याज नाही. वर्षाचं व्याज 50,000 रुपयांवर गेलं की बँक 10 टक्के कापते, पॅन दिलेला नसेल तर 20 टक्के. माहेरी परतलेल्या बाईचे कागद बरेचदा सासरीच अडकलेले असतात. पॅनवर मात्र बापाचं नाव असतं, नवऱ्याचं नव्हे. त्यासाठी सासरचा उंबरा चढावा लागत नाही. पॅन देऊन कापलेले पैसेही विवरणपत्र भरलं, तरच परत मिळतात.