आधी बोटं, मग शास्त्र

सतराव्या शतकातल्या इटलीतली गिटारची काही पुस्तकं पाहिली तर त्यांत सूर लिहिलेलेच नाहीत. गाण्याचे शब्द आणि त्यांच्या डोक्यावर अक्षरं, बस्स. आजच्या वादकाची तर त्यात फसगतच होईल, कारण ए लिहिलंय तिथे जी मेजर ही कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) धरायची, बी म्हणजे सी मेजर, सी म्हणजे डी मेजर. अक्षरं स्वरांची नव्हतीच, बोटांच्या ठेवणीची होती. चाल तुम्हाला येते, हे पुस्तक गृहीतच धरायचं.

या पद्धतीला आल्फाबेतो म्हणत. मोंतेसार्दो या संगीतकाराने फ्लॉरेन्समध्ये १६०६ साली ती छापली. त्याच्या थोडं आधी स्पेनमधल्या मोनिस्त्रोल गावच्या आमात नावाच्या डॉक्टरने (हो, वैद्यकीच करायचा) बारा मेजर आणि बारा मायनर कॉर्ड आकड्यांत बसवल्या होत्या.

आता गंमत बघा. सा-ग-प पैकी तळाशी कुठलाही सूर आला तरी कॉर्ड तीच, हा सिद्धांत रामो या फ्रेंच संगीतकाराने पॅरिसमध्ये मांडला १७२२ साली. गिटारवाले तोवर शंभरेक वर्षं तेच करत होते. सगळ्या तारांवरून हात फिरवला की तळाशी काय येईल ते बोटांच्या ठेवणीवर, आणि कानाला काही खटकत नसे. रामोने नियम शोधला, पण तो वाजत आधीपासून होता.

म्हणून ‘जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टला नोटेशन वाचता येत नव्हतं, मग थिअरी (संगीतशास्त्र) कशाला?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीलाही येत नव्हतं. त्याने आधीच्या पिढीतल्या चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाचे सोलो रेकॉर्डवरून ऐकून बसवले. वाचन नव्हतं, कुठल्या कॉर्डवर कुठला सूर बसतो याची जाण मात्र पक्की होती.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंनी तर त्या जाणिवेची लिपीच केली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकांच्या गटातला गायक नील मॅथ्यूज कॉर्डऐवजी आकडे लिहू लागला, आणि तिथल्याच वादक चार्ली मॅकॉयने ते वादकांत रुजवले. १-४-५ म्हणजे आपले सा, म, प. मायनर असेल तर आकड्यानंतर आडवी रेघ. गायकाला पट्टी चढी वाटली तर सगळे अर्ध्या सुराने खाली येतात, कागद तोच राहतो. आपल्याकडेही गाणारा काळी दोनवरून पांढरी दोनला उतरला, म्हणून पेटीवाला काही नवा कागद मागत नाही.