ड्रायर न थांबणे

ड्रायर न थांबणे : कपडे वाळविणारे यंत्र लावलेली वेळ संपल्यावर किंवा कपडे वाळून गेल्यावरही चालूच राहण्याचा दोष. शास्त्रीय लेखनात या यंत्रास ‘शुष्कक’ म्हणतात; बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील बोलण्यात तो शब्द नाही. येथे ड्रायर म्हणजे बहुधा सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशिनीतील कपडे पिळणारा टब. गरम हवेने कपडे पूर्ण वाळविणारे आडव्या ड्रमचे यंत्र मुख्यतः मोठी हॉटेले व रुग्णालये यांच्या धुलाईघरांत असते. ‘ड्रायर बंदच होईना’ या एकाच तक्रारीमागे त्यामुळे दोन अगदी वेगळे बिघाड असू शकतात. (उत्तर कर्नाटकी कन्नडमधील ‘बंद आगवल्दु’ याचाही रोख तोच : यंत्राने जणू हट्ट धरला आहे.)

यंत्राच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. सुमारे १८०० च्या सुमारास फ्रान्समधील पोशाँ याने विस्तवावर हाताने फिरवायचे सच्छिद्र पिंप बनविले, असे सांगतात. अमेरिकेतील जॉर्ज टी. सॅम्पसन यास १८९२ मध्ये पेटंट मिळाले. पण त्याची रचना शेगडीजवळ कपडे टांगण्याच्या चौकटीची होती. काही लेखक त्यालाच जनक मानतात. प्रस्तुत दोषाच्या दृष्टीने जे. रॉस मूर यांच्या प्रयत्नांतून १९३८ मध्ये बाजारात आलेले स्वयंचलित यंत्र अधिक महत्त्वाचे वाटते. पोशाँचे पिंप हात थांबला की थांबे; थांबण्याचे काम यंत्राकडे सोपविल्यावरच ते बिघडू शकले.

ड्रमच्या यंत्रात ‘ऑटो’ चक्राचा (कपडे वाळल्यावर आपोआप थांबणाऱ्या चक्राचा) टायमर घड्याळासारखा सतत पुढे सरकत नाही. पुष्कळ जुन्या नमुन्यांत टायमरची छोटी मोटर थर्मोस्टॅटला (ठरावीक तापमानाला उघडणाऱ्या स्विचला) समांतर जोडलेली असते. हीटर चालू असताना थर्मोस्टॅट मिटलेला असतो; वीज त्यातूनच जाते व टायमरला मिळत नाही. बाहेर पडणारी हवा पुरेशी तापून थर्मोस्टॅट उघडला की हीटर बंद पडतो आणि टायमर सरकू लागतो. म्हणून हीटरची तार तुटली, तर थर्मोस्टॅट कधीच उघडत नाही आणि ड्रम थंडच फिरत राहतो. तंतूंच्या गाळणीत किंवा हवेच्या नळीत तूस अडकल्यासही तसेच होते. हीटरजवळचा सुरक्षा-थर्मोस्टॅट वारंवार उघडून हीटर बंद पाडतो, पण बाहेरची हवा पुरेशी तापत नाही. तेव्हा यंत्र ‘ऑटो’वर न थांबता वेळ लावून चालविल्यावर थांबत असेल, तर टायमर बदलण्यापूर्वी उष्णता व हवेचा मार्ग तपासावा. विजेचा दाबही (व्होल्टेज) पाहावा : उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाल्यास हीटर जेमतेम ६१ टक्के शक्तीने तापतो.

नव्या यंत्रांत ड्रमलगतच्या धातूच्या दोन पट्ट्या ओलावा ओळखतात. ओले कापड दोन्हींना टेकले की त्यातून सूक्ष्म प्रवाह वाहतो. पट्ट्यांवर बसलेल्या थरामुळे यंत्र थांबत नाही, असे सर्रास सांगितले जाते. थर वीजरोधक असेल, तर मात्र यंत्राला कपडे कोरडे भासून ते लवकर थांबायला हवे. न थांबण्याचे कारण पट्ट्यांच्या वायरी एकमेकींना लागणे किंवा त्यांवर ओलसर मळ साचणे हे अधिक संभवते. रिलेचे (विजेने चालणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट चिकटले असतील, तर बटण दाबूनही फरक पडत नाही. दार उघडूनही ड्रम फिरत असेल, तर दाराच्या स्विचचा संशय घ्यावा.

पिळण्याच्या टबाचा टायमर बहुधा स्प्रिंगचा, जास्तीत जास्त पाच मिनिटांचा असतो. स्प्रिंग उलगडताना कॅम (खाचेची चकती) फिरतो व शेवटी कॉन्टॅक्टच्या पत्त्या विलग होतात. ठिणग्यांनी त्या चिकटल्या की खटका शून्यावर येऊनही मोटर चालू राहते. झाकणाचा स्विच त्याच मार्गात असतो. झाकण उचलताच मोटर थांबत असेल, तर दोष टायमरचा. मोटरचा आवाज बंद होऊनही टब बराच वेळ गरगरत असेल, तर वीज तुटलेलीच आहे; ब्रेकची तार ढिली किंवा ब्रेकशू झिजलेला आहे. टब मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेतो, त्यामुळे थांबेपर्यंत आत हात घालू नये.

जुन्या मशिनीत आणखी एक शक्यता असते व ती पुस्तिकांत सापडत नाही : झाकणाचा स्विच बिघडल्यावर मेस्त्रीने दोन वायरी जोडून मशीन ‘डायरेक्ट’ करून दिलेले असते. पुढे टायमर चिकटला की बोर्डावरचे बटण बंद करण्यावाचून मार्ग उरत नाही. मशीन जुने घेतले असेल, तर टायमर उघडण्याआधी ही जोडणी शोधावी. प्लग काढल्यावरही मोटरच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठविणाऱ्या भागात) विद्युतभार शिल्लक असू शकतो.

खानापूरच्या घाटपट्ट्यात, जांबोटी–कणकुंबीकडे, पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. तेव्हा टबावर एकामागून एक फेऱ्या काढल्या जातात आणि पत्त्या लवकर जळतात. ओलसर हवेने कॉन्टॅक्टवर गंजही चढतो. बीदर–भालकीकडे हवा कोरडी असते व टबाला एवढे राबावे लागत नाही.