ऑर्थोपीडिकमधला ‘पेड’ म्हणजे पाय नव्हे

इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवण्याचे जे तक्ते सगळीकडे फिरत असतात, त्यांत एक ओळ हमखास असते: पी-ई-डी म्हणजे पाय. खाली उदाहरणं असतात पेडल, पेडेस्ट्रिअन, सेंटिपीड, आणि त्याच रांगेत बिनदिक्कत पीडिॲट्रिशन आणि ऑर्थोपीडिक. पहिली तीन बरोबर, शेवटची दोन साफ चूक. एकाने केलेला तक्ता दुसरा उतरवून घेतो आणि पाठ करणारा बिचारा हीच चूक आयुष्यभर घेऊन फिरतो. याचा मला मनापासून त्रास होतो.

पायाचा ‘पेड’ मराठी माणसाला वेगळा शिकवायला नकोच. लॅटिनमध्ये पायाला ‘पेस’, त्याचं सामान्यरूप ‘पेद-’. आपल्या ‘पाद’चा हा सख्खा भाऊ. पेडेस्ट्रिअन म्हणजे शब्दशः पादचारी, बायपेड म्हणजे द्विपाद. पेडल, पेडिक्युअर यांवर वेळ घालवत नाही. एका शब्दापाशी मात्र थांबतो, कारण तो फार सुंदर आहे: इम्पीड, म्हणजे अडथळा आणणे. लॅटिनमधला त्याचा मूळ अर्थ पाय जखडून ठेवणे. आपण ‘कामात खोडा घातला’ म्हणतो, तो खोडासुद्धा कैद्याचे पाय अडकवायचाच. एक्स्पिडाइट त्याच्या बरोबर उलट, अडकलेले पाय मोकळे करणे.

आता दुसरा ‘पेड’. हा ग्रीक. ग्रीकमध्ये मुलाला ‘पाइस’ म्हणत, सामान्यरूप ‘पाइद-’. म्हणजे मुळात या शब्दात पी-ई-डी ही अक्षरं ओळीने नव्हतीच. ग्रीक शब्द लॅटिनमध्ये गेला तेव्हा ए-आय या जोडीचं ए-ई झालं. पुढे अनेक शब्दांत त्यातला ए गळाला, आणि उरलेला शब्द पायाच्या शब्दासारखा दिसू लागला. सगळा घोळ एवढ्याच अपघातातून झाला आहे. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये पीडिॲट्रिक आणि ऑर्थोपीडिक या शब्दांत तो ए अजून शाबूत आहे, अमेरिकन स्पेलिंगने तो बहुतेक ठिकाणी काढून टाकला. मला विचाराल तर ब्रिटिश स्पेलिंगच वापरा. एक अक्षर जास्त लिहावं लागतं, पण शब्दाचं कूळ दिसतं.

पीडिॲट्रिशनमधलं ‘मूल’ बहुतेकांना लवकर पटतं, कारण तो मुलांचा डॉक्टर असतो हे आधीच माहीत असतं. खरी अडचण ऑर्थोपीडिकची. तिथे गैरसमज दुहेरी आहे. ‘ऑर्थो’ म्हणजे हाड आणि ‘पेड’ म्हणजे पाय, असा अर्थ लोक छातीठोकपणे सांगतात. दोन्ही चूक. हाडाला ग्रीकमध्ये ‘ऑस्टिऑन’. ऑस्टिओपोरोसिसमध्ये आहे ते हाड. ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ, नीट. दात सरळ करणारा तो ऑर्थोडॉन्टिस्ट, नीट मतांना धरून राहणारा तो ऑर्थोडॉक्स.

मग ‘सरळ मूल’ हा शब्द हाडांच्या डॉक्टरला का? कारण तो हाडांच्या डॉक्टरसाठी घडवलाच नव्हता. पॅरिसचे वैद्य निकोला आंद्री यांनी १७४१ साली ‘ऑर्थोपेदी’ या नावाचा ग्रंथ लिहिला. विषय होता मुलांच्या शरीरातली व्यंगं टाळणं आणि सुधारणं: वाकलेली पाठ, वेडेवाकडे वाढणारे हातपाय. सरळ आणि मूल या दोन ग्रीक शब्दांतून आपण हे नाव जुळवलं, असं त्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. त्या ग्रंथात एक चित्र आहे. खोडाशी वेडंवाकडं वाढलेलं एक कोवळं झाड, शेजारी रोवलेला सरळ खांब, आणि दोघांना वेढून घट्ट बांधलेला दोर. आजही अस्थिशल्यविशारदांच्या कितीतरी संघटना हेच झाड बोधचिन्ह म्हणून वापरतात. ते एकदा पाहिलं की शब्दाचा अर्थ पुन्हा सांगावा लागत नाही. पुढे या शाखेत मोठ्यांची हाडं, सांधे, मणके सगळं आलं, नाव मात्र मुलाचंच राहिलं. मराठीत आपण ‘अस्थिरोगतज्ज्ञ’ म्हणतो. कामाच्या दृष्टीने शब्द अगदी योग्य आहे, पण तो इंग्रजी शब्दाचा अनुवाद नाही. त्यावरून ऑर्थोपीडिकची फोड करायला गेलात की फसलात.

वेगळं ओळखायचं कसं? जोडीदार बघा. शब्दाचा उरलेला भाग ग्रीक असेल तर ‘पेड’ बहुधा मुलाचा, लॅटिन असेल तर पायाचा. पीडिॲट्रिकमधला ‘इयात्रोस’ म्हणजे वैद्य, हा ग्रीक. पेडोडॉन्टिस्टमधला दात ग्रीक, म्हणून तो मुलांच्या दातांचा डॉक्टर. पेडिक्युअरमधली ‘कुरा’ म्हणजे काळजी, ही लॅटिन. ग्रीकांना पाय म्हणायचा असला की त्यांचा शब्द ‘पूस’, सामान्यरूप ‘पोद-’, आणि इंग्रजीत त्याचा ‘पॉड’ झाला: ट्रायपॉड, आर्थ्रोपॉड. म्हणून पावलांचा डॉक्टर पोडायट्रिस्ट. त्याच्यात आणि पीडिॲट्रिशनमध्ये एका स्वराचा फरक आहे, तेवढा सांभाळा. नियमाला अपवाद पेडोमीटर. तिथे लॅटिन पायाला ग्रीक ‘मीटर’ जोडलाय. आणि स्टॅम्पीड, टॉर्पीडो यांत यातलं कोणीच नाही. टॉर्पीडो आला बधिर होण्याच्या लॅटिन शब्दावरून, झटका देणाऱ्या माशाच्या नावातून.

उरला पेडॉलॉजी, भाषांतरकाराचा खरा वैरी. ग्रीकमध्ये ‘पेदॉन’ म्हणजे जमीन, म्हणून पेडॉलॉजी म्हणजे मृदाशास्त्र. पण मुलांच्या वाढीच्या अभ्यासालाही पूर्वी हेच नाव होतं, आणि ए गळालेल्या स्पेलिंगमध्ये दोन्ही शब्द अक्षरशः एक होतात. इथे जोडीदारही मदत करत नाही, कारण तिन्ही तुकडे ग्रीक. संदर्भच बघावा लागतो. सोव्हिएत संघात जुलै १९३६ मध्ये पक्षाने ठराव करून पेडॉलॉजी मोडीत काढली, असं वाचलंत तर ‘मृदाशास्त्रावर बंदी’ असं लिहू नका. बंदी आली ती चाचण्या घेऊन शाळकरी मुलांची वर्गवारी करणाऱ्या शास्त्रावर. मातीचा अभ्यास तिथे ‘पोच्वोवेदेनिये’ या रशियन नावाने चालूच होता.