वाचनालयातील प्रौढवर्ग आणि व्याख्याने (नाशिक)

पुस्तकांची देवघेव आणि वृत्तपत्रकक्ष यांखेरीज सार्वजनिक वाचनालये मोठ्या माणसांसाठी वर्ग व व्याख्यानेही चालवतात. हजेरीची सक्ती नाही, परीक्षा असली तर नावापुरती. यातच या उपक्रमाची गोडी आणि अडचणही आहे.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, बोलीत ‘सावाना’, १८४० सालचे. वसंत व्याख्यानमालेची प्रथा १८७५ मध्ये न्या. रानडे यांनी पुण्यात घातली. नाशिकची माला मे महिन्यात गोदाघाटावर उघड्यावर भरते, त्यामुळे वळवाचा पाऊस हा तिचा कायमचा बिनबोलावलेला पाहुणा.

व्याख्यान उभे करणे त्या मानाने सोपे. वक्ता, विषय, मानधन व प्रवासखर्च महिनाभर आधी पक्के करावेत. बिघडते ते वेळेत. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ यांत अर्धा तास गेला, की वक्त्याचे उत्तम मुद्दे शेवटच्या दहा मिनिटांत कोंबले जातात आणि प्रश्नोत्तरे कापली जातात. प्रास्ताविक व परिचय मिळून सात मिनिटे पुरतात. साठ माणसे अपेक्षित असतील तर खुर्च्या चाळीसच मांडाव्यात. उरलेल्या वीस खुर्च्या भिंतीशी रचून ठेवाव्यात. पंख्याचा झोत माइकवर येत नाही ना, हे आधी पाहावे.

वर्गाचे गणित वेगळे. पहिल्या दिवशी तीस येतात, तिसऱ्या आठवड्यात बारा उरतात. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांची पाळी बदलली की संध्याकाळ हातची जाते. तोच धडा रविवारी सकाळी पुन्हा घेतला तर गळती बरीच थांबते.

मोडी, म्हणजे जुनी मराठी कागदपत्रे जिच्यात आहेत ती लिपी. तिचा वर्ग हे चांगले उदाहरण. दीड तासाच्या बारा ते पंधरा बैठका, वीस जणांपर्यंत. आधी पानभर शिरोरेघ ओढायची, मग तिला अक्षरे लटकवायची. हात शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी-उकाराचा भेद नसल्याने शब्द संदर्भानेच लागतो. चूक होते ती मुळाक्षरांत रेंगाळण्याची. छापील तक्ता पाठ झालेला माणूस खरे खरेदीखत समोर आले की अडखळतो, कारण तिथे शाई फुटलेली असते, शब्द तोडलेले नसतात आणि नेहमीचे शब्द आखडून लिहिलेले असतात. म्हणून पाचव्या बैठकीपासून जुन्या कागदांच्या दीडपट मोठ्या झेरॉक्स वाचायला द्याव्यात. पेशवेकालीन कागदातला शुहूर सन (त्या काळची एक वर्षगणना) अरबी शब्दांत असतो: ‘मया व अलफ’ म्हणजे ११००. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हा सन जानेवारीत नव्हे, मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून दोन आकडे. लोक येतात ते जमिनीच्या कागदांपायी, घराण्याच्या वंशावळीपायी. २०२३ पासून मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांची मागणी वाढली.

ज्येष्ठांच्या मोबाइल वर्गात दहाच जण घ्यावेत, तिघांमागे एक मदतनीस ठेवावा, आणि सराव ज्याच्या त्याच्या फोनवरच करून घ्यावा. मदतनिसाने फोन हातात घेऊन स्वतःच बटणे दाबली, तर शिकणारा घरी जाऊन पुन्हा तिथेच अडतो. ओटीपी कोणालाही न सांगणे आणि फसवणूक झाल्यास लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करणे, हे पहिल्याच दिवशी शिकवावे.

कार्यक्रम वाचनालयाचा आहे, तर पुस्तकांशी त्याची गाठ हवी. विषयावरची दहा-पंधरा पुस्तके टेबलावर मांडून तिथेच देवघेवीची नोंद करावी. हे टेबल मंचाजवळ मांडले तर लोक नुसते पाहतात. बाहेर पडण्याच्या वाटेवर, चपलांच्या जागेआधी ठेवले तर हातात घेतात.