बाइकच्या ऑईलचे आकडे आले कुठून?

अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये इंजिन ऑईलची दाटपणानुसार पहिली वर्गवारी केली. तेव्हा एका ऑईलला एकच ग्रेड, म्हणजे दाटपणाचा एकच आकडा, असे. उन्हाळ्यात ४० किंवा ५० भरायचं आणि थंडी पडली की ते काढून २० किंवा ३० घालायचं. पुढे डब्ल्यूचे, म्हणजे हिवाळ्यासाठीचे ग्रेड आले आणि १९५०च्या दशकात पॉलिमर मिसळलेली, थंडीत आणि उन्हाळ्यातही चालणारी मल्टिग्रेड ऑईलं रुळली. तापल्यावर पॉलिमर फुलतो, म्हणून ऑईल एरवीइतकं पातळ होत नाही.

आजच्या डब्यावरच्या १०डब्ल्यू-४० मागे दोन वेगळ्या चाचण्या आहेत: १०डब्ल्यू हा थंडीचा ग्रेड, ४० हा तापलेल्या ऑईलचा. थंडीत, उणे २५ अंशांवर, दाटपणा ७००० सेंटिपॉइजच्या आत हवा. १०० अंशांवर तो १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्समध्ये हवा (दोन्ही दाटपणाची एककं). ३० ग्रेडची गरम मर्यादा ९.३ ते १२.५. म्हणजे १०डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-४० यांचा फरक इंजिन तापल्यावर पडतो, तर २०डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० यांचा थंड स्टार्टला. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते.

बाइकचा प्रश्न मात्र दाटपणावर संपत नाही. जुन्या ब्रिटिश बाइकमध्ये गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं असे. जपानी कंपन्यांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑईलवर चालवण्याची पद्धत रूढ केली. गिअरचे दाते पॉलिमरचे लांब रेणू तोडतात आणि ४० ग्रेडचं ऑईल ३० मध्ये उतरू शकतं. ऑईल काळं दिसण्याआधीच गिअर अडखळू लागले, तर आधी हाच संशय घ्यावा.

दुसरी अडचण क्लचची. इंधन वाचावं म्हणून कारच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं वाढली आणि त्यात बुडालेल्या क्लच प्लेटा घसरू लागल्या: आरपीएम चढतो, वेग वाढत नाही. म्हणून १९९८ मध्ये बाइकच्या ऑईलसाठी जपानचं जासो टी९०३ मानक आलं. वेट, म्हणजे ऑईलमध्ये बुडालेल्या, क्लचसाठी एमए, आणि क्लच ऑईलबाहेर असलेल्या स्कूटरसाठी एमबी. २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ झाले. एमए२ मध्ये क्लचची पकड जास्त.

तेव्हा आधी जासो बघा, मग मॅन्युअलमधला ग्रेड. जाड ऑईल म्हणजे जास्त संरक्षण, ही समजूत चुकीची आहे. थंड स्टार्टला ते हेडपर्यंत, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागापर्यंत, उशिरा पोचतं आणि बरीच झीज तेवढ्यातच होते. एक ग्रेड वर जायचंच असेल तर मॅन्युअलच्या तापमान तक्त्यात तो असला पाहिजे. डब्यावरच्या एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) गोल चिन्हात खाली ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’, म्हणजे इंधन वाचवणारं, असं छापलेलं असेल तर ते ऑईल वेट क्लचच्या बाइकमध्ये घालू नका.