पंख्याचं विमान अजून लढाईत कामून?

2015 च्या दुष्काळात आपल्या संभाजीनगरवरून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादवरून, कृत्रिम पावसाचं विमान उडायचं ते आठवतंय का? गंगापूर तालुक्यात मामाच्या गच्चीवर आम्ही ढगांकडं डोळे लावून बसायचो, आणि त्या विमानाची घरघर आली की मामाचं ठरलेलं, "एवढा पैसा ओतायलेत तर जेट आणायचं ना, हे पंख्याचं कामून आणलं?" पाऊस किती पडला ते सोडा, तो विषय निघाला की आमच्याकडं भांडणं होतात. पण मामाचा हाच प्रश्न मला पुढं लढाऊ विमानांबद्दल वाचताना परत भेटला. डोंगरात, जंगलात लपून लढणाऱ्या बंडखोरांविरुद्ध आपल्या पायदळाला वरून मदत द्यायची तर जेट बरं का पंख्याचं, यावर मोठमोठ्या हवाई दलांत वर्षानुवर्षं वाद चाललाय.

पहिले एक गोष्ट क्लिअर करू. पंखा दिसला म्हणजे जुनं इंजिन असं काही नाही. किंग एअर जातीच्या त्या पावसाच्या विमानात पीटी-6 नावाचं इंजिन असतं, प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं, 1960 च्या दशकापासून चालत आलेलं आणि आजवर 50,000 च्या वर बनलेलं. याच्या पोटात जेटसारखंच गॅस टर्बाइन आहे, हवा दाबायची, रॉकेल टाकून पेटवायची, सगळं तेच (विमानाचं इंधन म्हणजे बरंचसं रॉकेलच). फरक एवढाच की जेट तो गरम वायू मागं फेकून पुढं जातं, आणि टर्बोप्रॉपमध्ये, म्हणजे या पंख्याच्या इंजिनात, त्या वायूची जवळजवळ सगळी ताकद टर्बाइन काढून घेतं अन् पुढचा पंखा फिरवतं. 2017 ला उडान योजनेत नांदेड-हैदराबाद सुरू झालं ते एटीआर जातीचं प्रवासी विमान पण टर्बोप्रॉपच, त्यात बसलेल्यांना तो आवाज माहिती असेल.

आता यात फायदा काय? मे महिन्यातला कूलर डोळ्यासमोर आणा. मोठ्या पात्याचा कूलर भरपूर हवा सावकाश ढकलतो, आणि केस वाळवायचं ब्लोअर थोडीशी हवा जोरात फेकतं. विमानाला पुढं ढकलायला दोन्ही रस्ते चालतात, पण खर्च सारखा नाही. रेटा मिळतो हवेचं वजन गुणिले वेग या हिशोबानं, आणि ऊर्जा जाते वेगाच्या वर्गाच्या हिशोबानं. म्हणजे दुप्पट हवा निम्म्या वेगानं ढकलली तर रेटा तेवढाच, पण ऊर्जा निम्मी! कमी स्पीडला पंखा जेटला भारी पडतो तो इथंच. ताशी सहा-सातशे किलोमीटरच्या पुढं मात्र पंख्याचं गणित बिघडायला लागतं, पात्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात आणि मेहनत वाया जाते, तिथून पुढं राज्य जेटचंच.

पण बंडखोरांविरुद्धच्या लढाईत एवढा स्पीड लागतो कुठं? समोरच्याकडं विमानं नसतात, रडार नसतं, असतात झाडीत लपलेले दहा-पंधरा जण, आणि त्यांच्यापासून दोन-तीनशे मीटरवर आपली तुकडी अडकलेली असते. वरच्या पायलटला तो झाडीतला ठिपका शोधायचा असतो, आपले कोण अन् त्यांचे कोण हे ओळखायचं असतं आणि तुकडी सुटेपर्यंत डोक्यावर थांबायचं असतं.

हिशोब करून बघा, अवघड नाही. 60 अंश कलून वळण घेताना (पायलटला आपलं वजन दुप्पट झाल्यासारखं वाटतं तेवढं) ताशी 370 किलोमीटरनं उडणाऱ्या विमानाच्या वळणाची त्रिज्या साधारण 620 मीटर येते. तेवढंच कलून ताशी 800 नं वळलात तर 2,900 मीटर. त्रिज्या पण वेगाच्या वर्गानं वाढते ना. दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी कुणी अडकलंय असं समजा, तर पंख्याचं विमान सव्वा किलोमीटर रुंदीच्या गोलात किल्ल्याला प्रदक्षिणा घालत राहील, किल्ला कायम खिडकीत. जेटचा गोल जवळजवळ सहा किलोमीटर रुंद, आणि वरून सेकंदाला 220 मीटर जमीन खालून सरकायलीय, एखादा माणूस दिसला म्हणेपर्यंत तो मागं पडलेला. फायटर जेट याच्यापेक्षा लै आवळून वळू शकतं हे खरंय, पण बॉम्ब लटकवून तासभर तसं वळत राहिलं तर डिझेल संपलेल्या ट्रॅक्टरसारखी गत होईल.

इंधनाचं तर विचारूच नका. ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीचं सुपर टुकानो हे या जातीतलं सगळ्यात गाजलेलं विमान, 1999 ला पहिल्यांदा उडालं, 1,600 हॉर्सपॉवरचं पीटी-6, दोन्ही पंखांत एकेक जड मशीनगन, खाली बॉम्ब-रॉकेटं. हे रिकामं विमान भरतं साधारण 3,200 किलो. आणि एफ-16 या अमेरिकी फायटर जेटच्या पोटातल्या टाक्यांत नुसतं इंधन मावतं तेही साधारण 3,200 किलोच! म्हणजे एक अख्खं विमान भरेल एवढं वजन दुसरं नुसतं पिऊन टाकतं. तासाचा खर्च सुपर टुकानोचा हजार डॉलरच्या आसपास सांगतात आणि एफ-16 चा वीस हजारांच्या वर. कोलंबियानं हीच विमानं फार्कच्या बंडखोरांविरुद्ध वापरली, अफगाणिस्तानला 2016 मध्ये मिळाली. शिवाय त्याला कच्ची धावपट्टीही चालते, म्हणून ते लढाईच्या जवळच मुक्कामाला ठेवता येतं, आणि जेट दुप्पट वेगानं येत असलं तरी ते लांबच्या पक्क्या विमानतळावरून निघालेलं असतं.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं प्रकरण वेगळंच आहे. टेक्सासमध्ये ओल्नी म्हणून छोटं गाव आहे, तिथं एअर ट्रॅक्टर नावाची कंपनी शेतात फवारणी करायची विमानं बनवते. त्यांचं एटी-802 म्हणजे साधारण 3,000 लिटर औषध घेऊन उडणारा फवारणी पंपच, इंजिन परत तेच पीटी-6. आता ज्या मशीनला रोज जड वजन घेऊन कच्च्या पट्टीवरून उठायचं, पिकावरून खालून खालून जायचं, धूळ खायची सवय आहे, तिला टाकीऐवजी बॉम्ब, कॅमेरे आणि चिलखत लावलं तर? 2022 मध्ये अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडनं खरंच हेच विमान निवडलं. पुढं नाव ठेवलं स्कायरेडर टू, व्हिएतनाममध्ये तासन्‌तास वर थांबून पडलेल्या पायलटांना वाचवणाऱ्या जुन्या स्कायरेडरवरून. मामाला सांगितलं तर म्हणे, "मग आमच्या कापसाला एक द्या म्हणावं, पाठीवरचा पंप मारून कंबर गेली."

पण एवढं कौतुक करून हेही सांगायलाच पाहिजे की हळू उडणं म्हणजे खालच्याला नेम धरायला वेळ देणं. 1972 मध्ये व्हिएतनामला खांद्यावरून सोडायची, इंजिनाच्या उष्णतेचा माग काढणारी मिसाइलं आली आणि हळू विमानांचे दिवस अवघड झाले. 1991 च्या आखाती युद्धात अमेरिकी मरीन्सची दोन ब्रॉन्को टर्बोप्रॉप पडली. समोरच्याकडं अशी मिसाइलं चिक्कार असतील तर वर चढून लांबून अचूक बॉम्ब टाकणारं जेटच पाठवावं, माझं तरी हेच मत. स्वस्त विमान पडलं तरी आत बसलेला माणूस स्वस्त नसतो.

आपल्याकडचा हिशोब अजून वेगळा. स्वतःच्याच देशात हवाई दलानं हल्ला केल्याचं उदाहरण म्हणजे मिझो बंडाच्या वेळचं, मार्च 1966 चं ऐझॉल, तिथं तुफानी आणि हंटर ही जेट विमानं वापरली होती, आणि त्याची जखम मिझोराममध्ये अजून ताजी आहे. गडचिरोलीत तर हेलिकॉप्टर मुख्यतः जवानांची ने-आण अन् जखमींना उचलायला येतं. वरून खालचा माणूस ओळखणं किती अवघड आहे हे बघता ते बरंच आहे.

आणि आता या सगळ्या वादात तिसराच गडी घुसलाय. वर थांबायचंच काम आहे तर आत माणूस तरी कशाला? अमेरिकेचं रीपर ड्रोन एका उड्डाणात वीस तासांच्या वर थांबतं, आणि त्याच्या शेपटीकडं बघितलं तर पंखा! हनीवेलचं टीपीई-331 टर्बोप्रॉप, साधारण 900 हॉर्सपॉवर. याच घराण्यातलं इंजिन आपल्या एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या एचटीटी-40 या शिकाऊ पायलटांच्या विमानात बसवलंय, आणि रीपरचाच भाऊ असलेली 31 ड्रोन घ्यायचा करार भारतानं ऑक्टोबर 2024 मध्ये केलाय. मामाला फोटो दाखवला तर चष्मा वर करून बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, "ह्याला तर पंखा उलटाच बसवलाय की रे."